फी हा सगळ्यात लहान आकडा: भगूरच्या एका माजी सैनिकाच्या घरातलं नर्सिंग प्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका घराचं नाही. देवळाली कॅम्प, भगूर, नाशिक रोड या पट्ट्यात माजी सैनिकाच्या घरी मुलगी बारावी सायन्सला असली की दर उन्हाळ्यात जे प्रश्न उठतात, ते इथे एका घरात बसवले आहेत. घरखर्चाचे आणि कॉलेजच्या फीचे आकडे धरून चाललेले आहेत. नियमांचे आणि वेतनश्रेणीचे आकडे मात्र खरे आहेत.

घर

वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त. आता अंबडच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक. पेन्शन आणि पगार मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. आई घरी शिलाई करते, धाकटा भाऊ नववीत. जात प्रवर्ग इतर मागासवर्ग, नॉन-क्रिमीलेयर काढलेलं आहे. मुलीला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून ६८ टक्के, पहिल्याच प्रयत्नात. नीट दिली आहे आणि ती पात्र ठरली आहे, पण एमबीबीएसच्या जवळपासही गुण नाहीत. तिला नर्सिंग करायचं आहे आणि ते तिने दहावीपासून घरात सांगितलेलं आहे.

वडिलांचं म्हणणं एका ओळीचं: "मिलिटरीच्या कॉलेजात लागली तर एक रुपया लागत नाही." आत्याचं म्हणणंही एकाच ओळीचं: "चार वर्षं शिकणार, मग बाँड, मग लग्न कधी?" दोघांचाही मुद्दा खरा आहे, आणि तरी दोघंही चुकीच्या जागी जोर देतात असं आमचं मत आहे.

दोन वाटा

घरात 'मिलिटरीतून नर्सिंग' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आधी त्या सुट्या कराव्या लागतात.

पहिली वाट मुलीच्या पुढच्या सेवेवर उभी आहे. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेची सहा नर्सिंग कॉलेजं आहेत. अलीकडच्या वर्षांच्या जाहिरातींत त्यांच्या जागा अशा: पुण्याचं एएफएमसी (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) ४०, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय ४०, लखनौ ४०, बंगळुरू ४०, दिल्ली ३० आणि कोलकाता ३०. सगळ्या देशाला मिळून २२० जागा. अभ्यासक्रम चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग. शिक्षण, राहणं आणि रेशन मोफत, गणवेशाचा भत्ता मिळतो, शिवाय दरमहा विद्यावेतन हातात येतं. शिक्षण संपलं की मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, आणि ते घेईन असा करार प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावा लागतो. आत्या म्हणते तो बाँड हाच. ही सेवा फक्त महिलांची आहे, म्हणून धाकट्या भावाचा विषय इथेच मिटतो.

भगूरच्या घराला ऐकून नवल वाटतं ती एक गोष्ट: पुण्याच्या किंवा मुंबईच्या कॉलेजातून पास झालेल्या मुलीची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, म्हणजे दिंडोरी रोडवर म्हसरूळला जे विद्यापीठ आहे त्याचीच. खासगी कॉलेजात शिकली असती तरी पदवी तीच.

दुसरी वाट वडिलांच्या झालेल्या सेवेवर उभी आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी आहे. मुलीला दरमहा ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवीचा हवा; बी. एस्सी. नर्सिंग त्यात बसतं. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी भरू' म्हणणाऱ्यांची शिष्यवृत्ती कायमची जाते, आणि अशी घरं कमी नाहीत.

या दोन्हींच्या बाजूला एक तिसरी गोष्ट आहे, जिचा लष्कराशी काही संबंध नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. वडिलांच्या 'एक रुपया लागत नाही' या वाक्याचं वजन इथे निम्म्याने उतरतं, कारण मोफत शिक्षणाची मक्तेदारी आता लष्कराकडे राहिलेली नाही.

हिशेब

समजा नाशिकमधल्या खासगी नर्सिंग कॉलेजची ठरवून दिलेली शिक्षण फी वर्षाला १,००,००० रुपये आहे. विकास शुल्क, अनामत, गणवेश, पुस्तकं, क्लिनिकल पोस्टिंगचा (रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचा) प्रवास असं मिळून वर्षाला आणखी २०,०००. वसतिगृह आणि मेस महिन्याला ७,०००, दहा महिन्यांचे ७०,०००. चार वर्षांची बेरीज ७,६०,०००. घरात डोक्यात बसलेला आकडा हाच, आणि मिलिटरीत लागली तर हे साडेसात लाख वाचले असा सरळ हिशेब मांडला जातो.

आता माफी धरा. चार लाख गेले, उरले ३,६०,०००. मुलगी भगूरहून ये-जा करेल तर वसतिगृहाचे दोन लाख ऐंशी हजार जातात आणि त्याजागी सिटीलिंक बसचा पास आणि बाहेरचं खाणं असे महिन्याला दीड हजार, वर्षाचे दहा महिने धरले तर चार वर्षांचे ६०,००० येतात. म्हणजे एकूण १,४०,०००. वर्षाला ३५,०००, महिन्याला तीन हजारांच्याही आत. तेवढं या घराला झेपतं, कर्जाची गरज नाही.

ये-जा करणं मात्र कागदावर दिसतं तितकं सोपं नाही. कॉलेज आडगाव-पंचवटीच्या बाजूला असेल तर भगूरहून बस बदलावी लागते, आणि सकाळच्या पाळीच्या क्लिनिकल पोस्टिंगला वॉर्डात वेळेवर हजर राहायचं तर घरून पहाटे निघावं लागतं. पहिल्या वर्षी निभतं, तिसऱ्या वर्षी प्रसूती आणि बालरुग्ण विभागाच्या पोस्टिंगला मुली थकतात आणि मग अर्ध्या वर्षात वसतिगृह शोधलं जातं. त्यामुळे एका वर्षाचं वसतिगृह हिशेबात आधीच धरलेलं बरं: १,४०,००० मधून त्या वर्षाचे बसचे १५,००० वजा करून ७०,००० घातले की १,९५,०००.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचे चार वर्षांचे होतात १,४४,०००. फी माफी आणि ही शिष्यवृत्ती एकदम घ्यायची असेल तर त्या वर्षीच्या सूचनेतलं इतर शिष्यवृत्तीबद्दलचं कलम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून उत्तर लेखी घ्यावं. तोपर्यंत घरच्या हिशेबात दोन्ही एकत्र धरू नयेत.

मिलिटरी कॉलेजातही खर्च शून्य नसतो. रुजू होताना न्यायचं सामान, सुट्टीत घरी येण्याची तिकिटं, फोन, किरकोळ असे वर्षाला पंधरा हजार धरा. त्यातलं बरंचसं विद्यावेतनातून निघतं. तेव्हा या घरापुरता खरा फरक साडेसात लाखांचा नाही, दीड-दोन लाखांचा आहे. दीड-दोन लाखांसाठी कुणी आपल्या मुलीच्या पुढच्या कित्येक वर्षांची बदली, नेमणूक आणि लग्नाची वेळ दुसऱ्याच्या हातात देऊ नये. आणि फीचा प्रश्न बाजूला ठेवूनही तिला तिकडेच जायचं असेल तर दीड-दोन लाखांसाठी तिला कुणी थांबवूही नये.

मोठा आकडा पगाराच्या रकान्यात आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात मिलिटरी नर्सिंगच्या लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं आणि त्यावर दरमहा १०,८०० मिलिटरी सर्व्हिस पे. दोन्ही मिळून ६६,९००, महागाई भत्ता वेगळा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून, राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) ३५,४०० पासून. शेवटच्या दोन्हींसाठी पदवीनंतर पुन्हा स्पर्धा परीक्षा आहे आणि जाहिरात निघण्याची वाट पाहणं आहे. मिलिटरी कॉलेजात ती स्पर्धा बारावीनंतरच होऊन जाते. चार वर्षं नीट पार पडली, शेवटी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त राहिली, की पद तिथे आहेच. खासगी रुग्णालयातल्या पहिल्या पगाराशी तर तुलनाच नको.

म्हणून घरात प्रश्न असा मांडावा लागतो: हिला लष्करातली अधिकाऱ्याची नोकरी हवी आहे का? शिक्षण त्या नोकरीबरोबर येतं.

पात्रतेची चाळणी

मिलिटरी कॉलेजासाठीच्या अटी अशा: अविवाहित असणं, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त किंवा विधवा असेल तर अपत्याची जबाबदारी नसणं. साधारण १७ ते २५ वय, जन्मतारखेच्या दोन टोकांच्या तारखा जाहिरातीत दिलेल्या असतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी मिळून ५० टक्के. नियमित विद्यार्थिनी म्हणून आणि पहिल्या प्रयत्नात बारावी. उंची १५२ सेंटीमीटर. त्या वर्षाची नीट पात्र. आपल्या मुलीचं यातलं सगळं बसतं.

जिथे मुली अडकतात ती अट 'पहिल्या प्रयत्नात' ही आहे. नीटसाठी एक वर्ष थांबलेली मुलगी चालते, कारण बारावी तिने आधीच पास केलेली असते. पण रसायनात राहिली आणि पुरवणी परीक्षेत सुटली, अशी मुलगी नीटमध्ये कितीही गुण मिळवो, इथे बाद. हे अकरावीतच कळायला हवं. बारावीनंतर कळून उपयोग नाही.

नीट पात्र ठरलं म्हणजे बोलावणं आलं असंही नाही. लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो, त्यातून नीटच्या गुणांनुसार यादी लागते, आणि मग सामान्य बुद्धिमत्ता व सामान्य इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. नीटच्या अर्जातच सगळं भरलं अशा समजुतीत बसलेली मुलगी दरवर्षी भेटते. नीटची पुस्तिका एवढंच सांगते की मिलिटरी नर्सिंगसाठी नीटचे गुण धरले जातील. अर्ज ती करून देत नाही.

इंग्रजीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. मराठी माध्यमातून आलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या मुली बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत मागे पडत नाहीत, मुलाखतीत गप्प होतात. 'नर्सिंग का?', 'लष्करच का?', 'तुझ्या गावाजवळ कोणती लष्करी संस्था आहे?' एवढ्या साध्या प्रश्नांना चार इंग्रजी वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. देवळालीची मुलगी आणि तिला तिथल्या स्कूल ऑफ आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्याच्या प्रशिक्षण संस्थेत, काय शिकवतात हे सांगता येत नाही, हे मुलाखत मंडळाला खटकणारच. वडिलांशी महिनाभर रोज वीस मिनिटं इंग्रजीत बोलणं हा क्लासपेक्षा स्वस्त आणि बरा उपाय आहे. पलटणीतली इंग्रजी मोडकी असली तरी धीट असते.

नाशिकमध्ये मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे ती एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) तयारीसाठी. मिलिटरी नर्सिंगची तयारी तिथे होते असा एक गैरसमज फिरतो, तो सोडून द्यावा. आणि 'कोट्यातून सीट लावून देतो' म्हणणारा कॅम्पात कुणी भेटला तर त्याला चहाही पाजू नये. या सहा कॉलेजांत मॅनेजमेंट कोटा नावाची गोष्ट नाही.

तारखांची टक्कर

मे महिन्यात नीट, जूनमध्ये निकाल. मिलिटरी नर्सिंगचा अर्ज जुलै-ऑगस्टच्या सुमारास निघतो आणि पुढचे टप्पे दोन-तीन महिने चालतात. त्याच काळात राज्याच्या बी. एस्सी. नर्सिंग सीईटीच्या गुणांवर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या सुरू असतात. त्यामुळे राज्याची सीईटी दिलेली नसेल तर ऑगस्टमध्ये मुलीच्या हातात दुसरा पर्याय उरत नाही. सीईटीचा अर्ज बारावी चालू असतानाच भरावा लागतो. 'मिलिटरीत होईलच' म्हणून तो न भरणं हा या प्रकरणातला सगळ्यात महाग आळस.

आपल्या मुलीला दुसऱ्या फेरीत नाशिकमधलं कॉलेज मिळतं. त्याच आठवड्यात मिलिटरी नर्सिंगच्या यादीत नाव लागतं. आता काय करायचं?

प्रवेश घ्यायचा. सोडायचा नाही. पण घेताना तीन गोष्टी बघायच्या. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मुलींची फी माफी लागू होत नाही, आणि 'थेट ॲडमिशन, रांगेची कटकट नाही' म्हणणारा एजंट नेमकं हेच सांगत नाही. दुसरं, प्रवेश रद्द करून पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख माहितीपुस्तिकेतून काढून भिंतीवर लावायची. तिसरं सगळ्यात व्यवहाराचं: मूळ कागदपत्रं. प्रवेश घेताना दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज ठेवून घेतं, आणि मिलिटरीच्या मुलाखतीला तेच मूळ कागद लागतात. म्हणून जमा करताना पोच घ्यायची आणि मुलाखतीपुरते कागद मिळावेत असा अर्ज बोलावणं आल्या दिवशी द्यायचा. बहुतेक कॉलेजं हमीपत्रावर देतात. कुणी टाळाटाळ करत असेल तर मुलाखतीच्या पत्राची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्यावा. काउंटरवर हुज्जत घालून काही होत नाही.

काही कॉलेजं माफी असलेल्या मुलीकडूनही आधी पूर्ण फी मागतात, शासनाचे पैसे आले की परत करू म्हणतात. माफीसाठीचा महाडीबीटीवरचा (शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा) अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर हे तिन्ही प्रवेशाच्या दिवशी तयार असले की ही मागणी नाकारायला हातात काही असतं. नाहीतर पहिला हप्ता भरावाच लागतो आणि तो परत मिळवायला वर्ष जातं.

मुलाखतीचं बोलावणं परगावचं, बहुधा दिल्लीचं. नाशिक रोडवरून पंजाब मेल आहे, पण बोलावणं आल्यानंतर आरक्षण मिळत नाही, तेव्हा तत्काळचे पैसे आणि वडिलांची कारखान्यातली चार दिवसांची रजा आधीच बाजूला ठेवायची. वैद्यकीय तपासणी लांबली तर मुक्काम वाढतो. परतीचं तिकीट पक्कं करून जाणारे तिथे अडकतात.

वैद्यकीय तपासणी

लेखी परीक्षा आणि मुलाखत पार केलेल्या मुली इथे गळतात, आणि त्यातली निम्मी कारणं नाशिकमध्येच तीन महिने आधी निस्तरता आली असती अशी असतात.

कानातला मळ. हे वाचून हसू येईल, पण डॉक्टरला कानाचा पडदा दिसला नाही तर तो पडदा ठीक आहे असं लिहू शकत नाही. मुलगी तात्पुरती अपात्र. नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. घरी तेल घालून, काडी फिरवून काढायला गेलं तर नलिकेला सूज येते आणि तीही नोंदली जाते.

हिमोग्लोबिन. बारावी आणि नीटच्या वर्षात मुली दुपारचं जेवण चुकवतात, पाळीचा रक्तस्राव जास्त असला तरी सांगत नाहीत. रक्त वाढायला औषध सुरू केल्यापासून महिने लागतात, आठवडे नाही. म्हणून फेब्रुवारीतच तपासणी करून डॉक्टरच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्या. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर लागतं. सप्टेंबरमध्ये बोलावणं आल्यावर बीट आणि डाळिंबाचा रस पाजणं हा फक्त घरच्यांच्या समाधानाचा उपाय.

वजन उंचीच्या प्रमाणात लागतं, आणि नीटच्या वर्षात बसून बसून ते वाढलेलं असतं. पोटाची सोनोग्राफी होते. त्यात मूत्रपिंडातला खडा किंवा अंडाशयातली गाठ पहिल्यांदाच दिसते, कारण तोवर कुणी बघितलेलंच नसतं. छातीचा एक्स-रे, डोळे, दात, पायांची ठेवण हेही बघतात.

आपल्या मुलीची तपासणी घरच्यांनी जूनमध्ये करून घेतली. खर्च दोन-अडीच हजार. हिमोग्लोबिन कमी निघालं, कानात मळ निघाला, बाकी सगळं ठीक. सप्टेंबरपर्यंत दोन्ही निस्तरलं. तात्पुरती अपात्र ठरली असती तरी अपिलाच्या वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं, फक्त त्याची मुदत आणि कुठे जायचं हे तिथेच, त्याच दिवशी विचारून सही-शिक्क्यासह घ्यावं लागतं. घरी येऊन फोन करू म्हणणाऱ्यांची मुदत टळते.

करारपत्र

निवड झाली की मुलीला आणि पालकांना करारावर सही करावी लागते, जामीनदारासह. मुलगी शिक्षण मध्येच सोडेल किंवा कमिशन घेणार नाही तर तिच्यावर झालेला खर्च वसूल होतो. रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या करारपत्रात छापलेल्या असतात. हा कागद घरी आला की वडील शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात, पलटणीत पंधरा-सतरा वर्षं तेच केलेलं असतं. तसं करू नये. मुलीने स्वतः तो कागद वाचून चार गोष्टी पेन्सिलीने खूण कराव्यात: किती वर्षांची सेवा, कमिशन कायम की अल्पसेवा (ठरावीक वर्षांपुरतं) हे कोण आणि कधी ठरवणार, परीक्षेत नापास झालं तर काय, आणि आजारपणामुळे शिक्षण थांबलं तर वसुली होणार की नाही. जामीनदार म्हणून मामाला किंवा काकांना उभं करायचं असेल तर त्यांनाही हीच पानं वाचायला द्यावीत. उद्या वसुलीची नोटीस त्यांच्या नावाने जाईल.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. शिक्षणाची चार वर्षं लग्न करता येत नाही. कमिशननंतर करता येतं. लग्न केलं म्हणून नोकरी जाईल ही भीती जुनी आहे आणि एके काळी खरी होती: १९७७ च्या एका आदेशाखाली लग्न केलेल्या नर्सिंग अधिकाऱ्यांना सेवेतून काढता येत होतं. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ मध्ये याच कारणाने काढलेल्या एका लेफ्टनंटला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आता अडचण नोकरी जाण्याची नाही, बदल्यांची आहे. नेमणूक देशात कुठेही होते, देवळालीत लष्करी रुग्णालय आहे म्हणून तिला देवळाली मिळेल असं नाही, आणि नवऱ्याची नोकरी एकाच गावातली असेल तर संसार दोन गावांत होतो. हे स्थळ बघताना आधीच सांगावं लागतं. वडिलांची नोकरीही अशीच होती आणि आईने दोन लेकरं जवळजवळ एकटीने वाढवली. त्यामुळे या घरात हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

डिस्चार्ज बुकातलं नाव

दुसरी वाट, म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती, सोपी वाटते आणि एका अक्षरावर अडते. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, मुलीचं नाव इंग्रजीत एका स्पेलिंगने, दहावीच्या प्रमाणपत्रात दुसऱ्या, आणि आधारवर तिसऱ्याच. जन्माची नोंद वडील फिल्डला असताना कुणीतरी पत्रावरून कळवलेली, त्यामुळे जन्मतारखेतही फरक. संकेतस्थळावर अर्ज भरताना हे लक्षात येत नाही. छाननीत अर्ज परत येतो आणि तोवर मुदतीचे थोडे दिवस उरलेले असतात.

डिस्चार्ज बुकातली नोंद रेकॉर्ड ऑफिस बदलतं. तोफखान्याच्या माणसाला नाशिकमध्ये राहण्याचा एक फायदा इथे मिळतो: आर्टिलरी रेकॉर्ड्स नाशिक रोड कॅम्पलाच आहे. तरी अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जावा, त्याबरोबर दहावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र. हे काम बारावीच्या परीक्षेआधी, डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग प्रमाण धरून आधार आणि डिस्चार्ज बुक त्याला जुळवायचं, उलट नाही. दहावीचा कागद बदलणं सगळ्यात कठीण.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाईड आणि बँकेचं प्रमाणपत्र दिलेल्या नमुन्यातच लागतं. कॉलेज स्वतःच्या लेटरहेडवर बोनाफाईड देतं आणि अर्ज बाद होतो, म्हणून नमुना छापून घेऊन जायचा. पुढच्या वर्षांचे पैसे मिळायला दरवर्षी किमान ५० टक्के गुण लागतात. बी. एस्सी. नर्सिंग २०२१-२२ पासून सत्र पद्धतीचं आहे. आठ सत्रांपैकी शरीररचना आणि शरीरक्रियेचं पहिलं सत्र मराठी माध्यमाच्या मुलींना जड जातं.

पुढे

आपल्या मुलीचं नाव अंतिम यादीत येत नाही, प्रतीक्षा यादीत येतं. २२० जागांसाठी सगळ्या देशातून मुली येतात तेव्हा असं होतं, आणि बऱ्याच घरांत निकाल हाच असतो. केंद्रीय प्रक्रियेतला प्रवेश राखलेला असल्यामुळे वर्ष वाया जात नाही. कॉलेज सुरू झालं आहे, फी माफीचा अर्ज गेला आहे, डिस्चार्ज बुकाची दुरुस्ती झालेली असल्याने शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत बसला आहे. प्रतीक्षा यादीतून बोलावणं आलं तर जायचं की नाही हे घरात आधीच ठरवून ठेवलं आहे: प्रवेश रद्द करण्याच्या शेवटच्या तारखेआधी आलं तर जायचं, नंतर आलं तर अनामत आणि इतर शुल्काच्या किती रकमेवर पाणी सोडावं लागेल ते बघून ठरवायचं.

आणि लष्कराचं दारही बंद झालेलं नाही. बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या, राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या २१ ते ३५ वयाच्या महिलांसाठी मिलिटरी नर्सिंगमध्ये अल्पसेवा कमिशनची वेगळी निवड होते. पद तेच, लेफ्टनंटचं. फक्त शिक्षणाच्या खर्चाचा करार मागे नसतो. ही जाहिरात दरवर्षी ठरल्या वेळी निघतेच असं नाही, म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करून ठेवायची. निकालानंतर पदवी प्रमाणपत्राची वाट पाहत नोंदणी लांबवली की जाहिरात येते तेव्हा नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा असतो, आणि अर्ज तिथेच अडतो.